आधी हवा, मग वीज, रंग सगळ्यात शेवटी

गेल्या अंकात मी एकच ओळ लिहिली होती : कपडे वाळवायचा जुना अमेरिकन ड्रायर भंगारात काढण्याआधी निदान त्याचं मागचं झाकण उघडून बघा. त्या ओळीवर इतकी पत्रं आली की या वेळचं सदर त्यालाच दिलं आहे. वॉशिंग मशीन आणि मिक्सरवाल्यांनी एक महिना कळ काढावी.

प्रश्न : ताई, स.न.वि.वि. आम्ही घेतलेल्या घराच्या तळघरात आधीच्या मालकांनी एक पांढरा, भलता जड ड्रायर सोडला आहे. पॅनेलच्या घाटावरून १९५०च्या दशकाच्या अखेरचा वाटतो. विजेवरचा आहे. प्लग लावून बघू का? हे म्हणतात, हात लावू नकोस. मी म्हणते, लावल्याशिवाय कळणार कसं? — तळघरवाली

उत्तर : एवढ्यापुरतं यजमानांचं ऐका. वर्षानुवर्षं बंद असलेल्या ड्रायरला पहिल्यांदा वीज देणं म्हणजे आत काय भरलंय ते न बघता काडी ओढणं. आत लिंट, म्हणजे कपड्यांचा कापसासारखा भुसा असतो, आणि तोही नेमका कॉइलच्या, म्हणजे हवा तापवणाऱ्या तारेच्या आसपास. उंदराचं घरटं निघालं तर दचकू नका. त्यांना ही जागा फार आवडते.

प्लग कुठे लावलेला नाही याची खात्री करून यंत्र भिंतीपासून ओढा. दोघं लागतील, तेव्हा यजमानांना बोलवाच. मागच्या पत्र्याचे स्क्रू ज्या क्रमानं निघतील त्याच क्रमानं एका पुठ्ठ्यावर टोचून ठेवा. वायर सोडवण्याआधी फोटो काढा, आणि फोटोवर विसंबून न राहता प्रत्येक वायरला चिकटपट्टीची चिठ्ठी लावा. फोटोत सगळ्या वायर नेमक्या एकमेकींच्या मागे लपलेल्या असतात.

झाकण निघालं की लगेच ब्रश घेऊन तुटून पडू नका. कॉइलच्या पेटीभोवती किंवा तिथल्या वायरींवर राखाडी-पांढरं, पुठ्ठ्यासारखं किंवा विणलेल्या कापडासारखं वेष्टण दिसतंय का बघा. त्या काळच्या यंत्रांत ते ॲस्बेस्टॉसचं असू शकतं, आणि त्याची धूळ फुप्फुसांना घातक असते. ते घासू नका, कापू नका, कंप्रेसरनं फुंकर तर अजिबात मारू नका. शंका आली तर कामच थांबवा आणि प्रयोगशाळेत तपासून घ्या. तसलं काही नसेल तर मऊ ब्रश आणि व्हॅक्यूम घेऊन खुशाल बसा. पंख्याच्या घरापासून हवा बाहेर जाण्याच्या तोंडापर्यंतचा सगळा मार्ग साफ व्हायला हवा. माझ्या हिशेबी दुरुस्तीचं निम्मं काम हेच आहे, आणि लोक नेमकं हेच टाळतात, कारण यात दाखवण्यासारखं काही नसतं.

मग ड्रम हातानं फिरवा, कान लावून. एकसारखा जड फिरत असेल तर चालेल. एकाच जागी अडकत असेल तर खूण करून ठेवा.

आता मल्टिमीटर, म्हणजे व्होल्ट आणि ओहम मोजायचा मीटर. २४० व्होल्टवर ५,६०० वॅटची कॉइल असेल तर तिचा रोध १० ओहमच्या जरा वर यायला हवा. तुमच्या कॉइलचे वॅट मागच्या पाटीवर लिहिलेले असतील. व्होल्टेजचा वर्ग करून वॅटनं भागा, की उत्तर हातात. त्यानंतर कॉइलच्या दोन्ही वायर सोडवून प्रत्येक टोक आणि यंत्राचा पत्रा यांच्यामध्ये मोजा. तिथे मीटरवर कुठलाही आकडा, अगदी शून्यही, दिसता कामा नये. (पुढचं एक पत्र याच तपासणीवर आहे, ते वाचाच.)

केबल जिथे यंत्राला जोडलेली असते त्या तीन स्क्रूंकडे बघितल्याशिवाय झाकण लावू नका. २३ अँपिअर करंट वर्षानुवर्षं तिथून गेलेला असतो. स्क्रू ढिला झाला की तो सांधा तापतो, खालचं बेकलाइट (जुन्या काळचं कडक प्लास्टिक) तपकिरी पडतं आणि वायरचं टोक ठिसूळ होतं. ते कापून पुढचं चकचकीत तांबं दिसेपर्यंत मागे या, नवं टोक बसवा. अमेरिकेतल्या जुन्या ड्रायरना तीन तारांची केबल असते आणि त्यांत न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणारी तार, यंत्राच्या अंगालाच जोडलेला असतो. नव्या जोडणीला तिथल्या १९९६च्या विद्युत संहितेपासून चार तारा लागतात. चार तारांची केबल लावताना न्यूट्रल आणि पत्रा यांना जोडणारी पट्टी काढलीच पाहिजे. हे काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या, इथे माझ्या सदरावर भागवू नका.

पहिल्यांदा चालवाल तेव्हा कॉइलच्या वायर सोडलेल्या आणि टोकं नीट झाकलेली ठेवा. नुसती मोटर, ड्रम आणि पंखा चालू द्या. वास, आवाज, मोटर किती तापते ते बघा. इथवर सगळं ठीक असेल तर कॉइल जोडा, आणि त्या पहिल्या फेरीला तिथेच उभ्या राहा. वर चहा करायला जाऊ नका.

गॅसवर चालणारा ड्रायर असणाऱ्यांनी यातलं साफसफाईपर्यंतचंच घ्यावं. बर्नर आणि व्हॉल्व्ह हे जाणत्या माणसाचं काम.

प्रश्न : दाराच्या काचेवरून घरात वाद आहे. सासरे म्हणतात, कपडे वाळले की नाही ते बघायला काच असते. मुलगी म्हणते, बघून कळतच नाही, मग काच कशाला? निवाडा करा. आणि हे यंत्र काढलं कोणी? — मधल्या पिढीची

उत्तर : मुलगी जिंकली. काच लावली ती विक्रीसाठी. नॉर्थ डकोटातल्या जे. रॉस मूर नावाच्या शेतकऱ्याच्या डोक्यात हे खूळ शिरलं. तिथल्या हिवाळ्यात बाहेर टाकलेले कपडे वाळण्याऐवजी गोठतात. त्यानं आधी एका खोपटात शेगडी आणि ड्रम अशी जोडणी केली आणि बरीच वर्षं ती सुधारत राहिला. शेवटी विस्कॉन्सिनमधल्या टू रिव्हर्स गावच्या हॅमिल्टन कंपनीनं ती उचलली. ही मूळची छापखान्यांसाठी लाकडी टाइप, म्हणजे छपाईची अक्षरं, बनवणारी कंपनी! त्यांचा ‘जून डे’ ड्रायर १९३८ साली बाजारात आला. मिलवॉकीचे डिझायनर ब्रुक्स स्टीव्हन्स यांनी नमुना बघून सांगितलं, की असा बंद डबा कोण घेणार? दाराला काच लावा, आणि दुकानात रंगीबेरंगी चड्ड्या घालून फिरवून दाखवा. म्हणजे सासऱ्यांना सांगा, काच आहे ती गिऱ्हाइकानं बघावं म्हणून.

त्याही आधीच्या गोष्टी आहेत. १८००च्या सुमारास पोशाँ नावाच्या फ्रेंच माणसानं भोकं पाडलेलं पिंप विस्तवावर हातानं फिरवायची युक्ती काढली होती. अमेरिकेत जॉर्ज सॅम्पसन यांना १८९२ साली शेगडीच्या उष्णतेवर कपडे वाळवणाऱ्या चौकटीचं पेटंट मिळालं. पिंपात कपड्यांना धुराचा वास लागत असणार आणि मधूनमधून एखादा सदरा जळतही असणार.

कपडे वाळले का हे बघायचं असेल तर टॉवेलची दुमडलेली कड चिमटीत धरा. ओल शेवटी तिथेच राहते.

प्रश्न : ताई, माझ्या १९६०च्या दशकातल्या ड्रायरमध्ये शेवटची काही मिनिटं नुसती थंड हवा यायला हवी, पण हवा गरमच येते. नॉब मुद्दाम ‘फक्त हवा’वर ठेवला तरी गरम. कपडे कडक होऊन निघतात. थर्मोस्टॅट बदलला, टायमर सोडवून त्याचे संपर्क साफ केले. फरक शून्य. ब्रेकर एकदाही पडलेला नाही. — हात टेकलेला

उत्तर : आधी तो वापरणं आजपासून बंद करा. मग जुना थर्मोस्टॅट (ठरावीक तापमानाला वीज तोडणारा स्विच) परत बसवा, त्या बिचाऱ्याचा यात काही संबंध नसावा.

तुमची कॉइल पत्र्याला टेकली आहे असं मी न बघता सांगते. निक्रोम या मिश्रधातूची ती स्प्रिंगसारखी तार चिनी मातीच्या आधारांवर ताणलेली असते. तापून-निवून ती वर्षागणिक लोंबते आणि एक दिवस पेटीच्या पत्र्याला चिकटते. पुढे काय होतं ते कागदावर मांडून बघा, कारण यातली मजा आकड्यांतच आहे.

कॉइलला दोन टोकांनी दोन लाइव्ह वायर येतात. दोन्हींमध्ये मिळून २४० व्होल्ट, पण प्रत्येकीचं जमिनीशी अंतर १२० व्होल्टचं. एका वायरच्या वाटेवर टायमर आणि थर्मोस्टॅट बसवलेले असतात. दुसरी वायर मोटरच्या आतल्या स्विचमधून येते. मोटरनं वेग घेतला की तो स्विच जोडला जातो, म्हणजे ड्रम फिरत नसताना कॉइल तापू नये. एरवी कुठलीही एक वायर तुटली की कॉइल थंड. पण कॉइल मध्यावर पत्र्याला टेकली, की तिच्या दोन कॉइली झाल्या. थर्मोस्टॅटनं आपली वायर तोडली तरी दुसरीकडून करंट अर्ध्या कॉइलमधून थेट पत्र्यात जातो. मोटर फिरते आहे तोवर जातच राहतो. तुमची ‘थंड हवा’ गरम येते ती यामुळे.

आता ब्रेकर का पडत नाही? अख्खी कॉइल १०.३ ओहमची धरली तर अर्धी झाली ५.१५ ओहमची. १२० व्होल्टला ५.१५नं भागा, २३ अँपिअर येतात. अख्ख्या कॉइलला २४० व्होल्टवर लागतात तेही २३च. ब्रेकर आहे ३० अँपिअरचा. त्याला यात वावगं काही दिसतच नाही. आणि ती अर्धी कॉइल, कुणाचाही ताबा नसताना, २,८०० वॅट उष्णता देत बसते. म्हणून मी थांबायला सांगितलं. त्यातून यंत्राचा पत्रा जमिनीशी किंवा न्यूट्रलशी नीट जोडलेला नसेल तर त्या पत्र्याला हात लावताच शॉक बसेल.

खात्री करायची तर प्लग काढा, कॉइलच्या दोन्ही वायर सोडवा आणि एक टोक व पत्रा यांच्यामध्ये मोजा. पाच-सात ओहम असा काहीही आकडा आला तर चोर सापडला. काही वेळा थंड असताना कॉइल टेकत नाही, तापून लांबली की टेकते. मीटर तेव्हा खोटी ग्वाही देतो. अशा वेळी पेटी काढून विजेरी घेऊन आतला पत्रा बघा. जिथे ठिणगी पडते तिथे करडईच्या दाण्याएवढा निळसर, वितळलेला डाग असतो, आणि त्याच्यासमोरचा कॉइलचा वेढा काळवंडून पातळ झालेला दिसतो.

लोंबलेला वेढा पक्कडीनं वर सरकवून भागवू नका. तुटलेली टोकं पीळ देऊन जोडणारेही असतात. तो पीळ सगळ्यात जास्त तापतो आणि तिथेच पुन्हा तुटतो. त्याच रोधाची नवी कॉइल आणा. सुटी कॉइल आणली तर आधारांवर ओवण्यापूर्वी ती दोन्ही टोकांना धरून सावकाश, सगळीकडे सारखी ताणून घ्या. कमी ताणलेली परत आणखी ताणता येते, जास्त ताणलेली माघारी येत नाही. एका भागात वेढे दाट राहिले तर तो भाग लालभडक होईल आणि पहिल्यांदा तोच लोंबेल.

प्रश्न : आमच्या ड्रायरच्या आत एक लहानसा, निळा प्रकाश देणारा दिवा होता असं आई सांगते. आता तो लागत नाही. साधा बल्ब बसवला तर चालेल? — आईची लेक

उत्तर : नाही, आणि काही बसवायच्या आधी हे वाचा. १९५०च्या सुमाराच्या हॅमिल्टन आणि आणखी काही ड्रायरमध्ये अतिनील किरणांचा दिवा असायचा. कपड्यांना उन्हात वाळवल्याचा ताजेपणा येतो अशी त्याची जाहिरात. आतला चार वॅटचा बल्ब पाऱ्याच्या वाफेचा. तो २५४ नॅनोमीटरच्या आसपासचे जंतुनाशक किरण देतो आणि थोडा ओझोनही करतो. ‘उन्हाचा वास’ म्हणतात तो बहुतेक त्या ओझोनचा.

हा बल्ब साधारण दहा व्होल्टवर जळतो आणि बॅलास्टशिवाय, म्हणजे करंट आवरून धरणाऱ्या उपकरणाशिवाय, चालत नाही. त्यामुळे त्या जागी जे व्होल्टेज आहे ते साध्या बल्बच्या कामाचं नाही आणि साध्या बल्बला लागतं ते याच्या कामाचं नाही. मूळचा दिवा परत चालू करायचाच असेल तर दार उघडताच तो विझतो की नाही हे आधी तपासा. दाराची साधी काच हे किरण अडवते, पण उघड्या दारातून ते थेट डोळ्यांत जातात. डोळ्यांची आग लगेच जाणवत नाही, काही तासांनी होते. फुटला तर आत पारा आहे हेही लक्षात असू द्या. माझ्या स्वतःच्या यंत्रातला मी बसवलेला आहे, पण जोडलेला नाही. दिसायला छान दिसतो, तेवढं पुरे.

प्रश्न : दाराच्या कडेला गंज आहे, वरचा पत्रा पिवळट पडला आहे. सगळा ड्रायर सँडब्लास्ट करून लाल पावडर कोटिंग करायचा विचार आहे. कसा दिसेल? — हौशी

उत्तर : लाल दिसेल.

आता गंभीरपणे. तुमच्या ड्रायरचा वरचा पत्रा पोर्सिलेन इनॅमलचा असू शकतो. म्हणजे पत्र्यावर भट्टीत वितळवलेली काचच. कुठे टवका उडाला असेल तर तिथे बघा. कड काचेसारखी धारदार आणि खाली निळसर-काळा थर दिसला तर ते पोर्सिलेन. खाली साधा प्रायमर दिसला तर रंग. पोर्सिलेन एकदा सँडब्लास्ट केलं की गेलं, ते परत चढवून देणारी भट्टी शोधत बसाल. आणि ते ना पिवळं पडतं, ना सहज ओरखडतं. पिवळेपणा बहुतेक वेळा वर साचलेल्या मेणाचा, तेलकटपणाचा किंवा कुणाच्या तरी सिगारेटींचा असतो. कोमट पाणी, भांड्यांचा साबण, मऊ फडकं आणि भरपूर वेळ. घासायची पावडर नको. रंगवलेल्या बाजूंना गाडीचं बारीक पॉलिश लावा, वर मेण. गंजाच्या जागी सुटलेले पोपडे काढून गंज थांबवणारं रसायन आणि वर एपॉक्सी इनॅमलचे लहान ठिपके, एवढंच.

आता जिथे हमखास घात होतो ती जागा. पॅनेलच्या काचेवरची अक्षरं पुष्कळदा काचेच्या मागच्या बाजूनं छापलेली असतात. पुढून धूळ निघत नाही म्हणून लोक काच काढतात, मागून काच पुसायचा द्रव मारतात आणि एका हातात ‘नॉर्मल’, ‘डेलिकेट’ सगळं फडक्यावर घेऊन उभे राहतात. मागच्या बाजूला कोरड्या मऊ ब्रशशिवाय काही लावू नका.

कंपन्यांनीच या यंत्रांना काय काय रंग दिले होते ते बघा. पन्नाशीच्या दशकात गुलाबी आणि फिरोजी, सत्तरीत ॲव्होकाडोचा हिरवा आणि पिकलेल्या गव्हाचा पिवळा. तुमचा पांढरा निघाला हे तुमचं नशीब, पण पांढरा पांढराच राहू द्या. कोपऱ्यातला टवका, नॉबखाली बोटांनी झिजलेली अर्धवर्तुळं, ही त्या यंत्राची हजेरी आहे. ती पुसून टाकायची असेल तर नवीनच घ्या ना.

प्रश्न : मोटर सर्व्हिस केली, बेल्ट नवा, कॉइल नवी. तरी टॉवेल वाळायला दोन तास! — घामाघूम

उत्तर : तुम्ही फिरणारं आणि तापणारं सगळं बदललंत, वाहणारं राहिलं. ड्रायर कपडे तापवून वाळवत नाही, ओली हवा बाहेर काढून वाळवतो.

अंदाज कसा बांधायचा ते सांगते. ओले टॉवेल वजन करा, वाळल्यावर पुन्हा करा. समजा तीन किलो पाणी गेलं. एक किलो पाण्याची वाफ व्हायला साधारण २,४०० किलोज्यूल लागतात. ५.६ किलोवॅटची कॉइल तेवढी उष्णता सात मिनिटांत देते. म्हणजे तीन किलोला एकवीस मिनिटं. हा आदर्श हिशेब, प्रत्यक्षात बरीचशी उष्णता हवेबरोबर निघून जाते, म्हणून पाऊण तास धरा. त्यात वाळले तर यंत्र ठणठणीत. दोन तास लागतात म्हणजे हवा कोंडली आहे.

तुमचा विजेवरचा असेल तर मागची नळी काढून एकच फेरी करून बघा. (गॅसवाल्यांनी हे चुकूनही करू नये, कार्बन मोनॉक्साइड घरात येईल.) नळी काढल्यावर वेळेत वाळले तर दोष नळीचा. चार इंची, गुळगुळीत धातूची, शक्य तितकी सरळ नळी लावा. प्लास्टिकची घडीदार नळी असेल तर आजच टाका. सांधे स्क्रूनं जोडू नका, आत आलेल्या टोकांवर लिंट अडकत जातं. बाहेरच्या तोंडाला जाळी नको, नुसती झडप हवी. नळी काढूनही उशीरच लागत असेल तर लिंटच्या जाळीवर नळाखाली पाणी सोडा. पाणी वर तळं करून थांबलं, तर कपडे मऊ करणाऱ्या कागदांचा मेणासारखा थर जाळीवर बसलाय. ब्रश आणि साबण. जाळीही स्वच्छ असेल तर ड्रमभोवतीचा नमदा बघा. तो झिजला की पंखा गरम हवा ड्रममधून ओढण्याऐवजी फटीतून खोलीतली गार हवा ओढतो.

हे नुसतं वेळेचं प्रकरण नाही. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनानं २००८ ते २०१० या वर्षांचा अंदाज दिला होता. घरांतल्या ड्रायरमुळे दर वर्षी सुमारे २,९०० आगी, आणि त्यांचं सगळ्यात मोठं कारण ‘साफ न करणं’, ३४ टक्के. जुन्या यंत्रांत तर नंतरच्या काळात आलेला थर्मल फ्यूज, म्हणजे फार तापलं की वीज तोडणारा फ्यूज, बहुधा नसतोच.

प्रश्न : ड्रम फिरताना धप् धप् आवाज येतो. कधी कधी कर्कश किंचाळतो. तेल कुठे घालू? — कानाला त्रास

उत्तर : दोन आवाज, दोन रोग. धप् धप् सुरुवातीला मोठं आणि पाच-दहा मिनिटांत कमी होत असेल तर यंत्र बराच काळ उभं होतं. एकाच जागी दाब पडून ड्रम ज्यांवर फिरतो त्या रोलरचं रबर चपटं झालंय किंवा बेल्टला घडी पडली आहे. तापलं की सुटतं. चालवत राहा. कमीच होत नसेल तर रोलर बदला, एक नको, सगळे. खरवडल्यासारखा आवाज पंख्याच्या बाजूनं येत असेल तर आधी पंख्याच्या घरात हात घाला. नाणं, बटण किंवा ब्राची तार निघेल. मला तर तिथे शाबूत मोती सापडला आहे.

किंचाळणं बहुतेक मोटरच्या बुशांचं. दोन्ही टोकांना ब्राँझचे बुश, म्हणजे शाफ्ट ज्यांत फिरतो त्या कड्या, असतात आणि त्यांच्याभोवती नमद्याची गादी, जी दिव्याच्या वातीसारखी तेल शोषून शाफ्टपर्यंत पोहोचवते. ती वाळली की मोटर ओरडते. डिटर्जंट नसलेलं २० नंबरचं मोटर तेल थेंब थेंब द्या, गादी पिईल तेवढंच. गंज सोडवायचा फवारा मारू नका. तो उरलंसुरलं तेल धुऊन काढतो आणि स्वतः उडून जातो. आठवडाभर घर शांत राहतं, मग मोटर जाते. रबराला आणि बेल्टला तेलाचा थेंबही लागू देऊ नका.

प्रश्न : मुलगा म्हणतो, जुना ड्रायर वीज खातो, काढून टाक. — आजोबा

उत्तर : पाणी उडवायला लागणारी उष्णता १९५५ साली होती तेवढीच आजही आहे. बाहेर हवा सोडणारा साधा नवा ड्रायर घेतलात तर फार फरक पडणार नाही. तो ओल ओळखून वेळेवर थांबतो, एवढी बचत. ती तुम्ही नॉब बेतानं फिरवूनही करू शकता. हीट पंपवाल्या ड्रायरपुढे मात्र मुलगा बरोबर आहे. तो बाहेर टाकायची उष्णता परत वापरतो आणि निम्म्याच्या आसपास विजेत काम करतो. घरात रोज धुणं असेल तर मुलाचं ऐका आणि जुना रविवारपुरता ठेवा. आणि दोन्हींतही, वॉशिंग मशीनमध्ये कपडे जोरात पिळून घेणं ही सगळ्यात स्वस्त युक्ती.

प्रश्न : निवृत्तीनंतर अमेरिका सोडतो आहोत. जिथे जातोय तिथे २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ. ड्रायरवर जीव आहे. ट्रान्सफॉर्मर लावून चालेल ना? — बांधाबांधीत

उत्तर : कॉइलला काही फरक पडणार नाही. २४० ऐवजी २३० व्होल्टवर तिचे ५,६०० वॅट साधारण ५,१५० होतील, बस. अडचण बाकीच्यांची आहे. मोटर, टायमर आणि दिवा १२० व्होल्टवर चालतात, आणि ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हर्ट्झ (विजेची दर सेकंदाची आवर्तनं) नाही. ६० हर्ट्झच्या मोटरला ५० हर्ट्झवर पूर्ण १२० व्होल्ट दिले तर तिचं लोखंड चुंबकत्वानं भरून जातं आणि ती नुसती तापते. तिला १०० व्होल्ट द्यावे लागतात. तरी वेग सहा भागांतला एक भाग घटणार. मिनिटाला १,७२५ फेऱ्यांच्या जागी १,४२५च्या आसपास. टायमरची मोटर तर हर्ट्झवरच चालते, त्यामुळे नॉबवरची साठ मिनिटं घड्याळात बहात्तर होतील. हे सवयीनं जमेल.

ड्रमचं काय? साधारण ६८ सेंटिमीटर व्यासाचा ड्रम मिनिटाला एक्कावन्न फेरे घ्यायला लागला तर काठाचे कपडे वर गेल्यावरही पडत नाहीत, चिकटून राहतात. म्हणून ड्रमचा वेग याच्या जरा खाली ठेवलेला असतो, की कपडे वरपर्यंत जावेत आणि गरम हवेतून खाली पडावेत. तुमच्याकडे तो चाळीसच्या आसपास येईल. कपडे जरा लवकर पडतील, पण पडतील. मोटरची पुली सहा-पंचमांश मोठी केली तर हेही सुधारतं. पंखा मात्र बऱ्याच मॉडेलांत मोटरच्याच शाफ्टवर असतो, तो पुलीनं वाढत नाही. कमी हवा आणि तेवढीच उष्णता म्हणजे थर्मोस्टॅट सारखा तोडजोड करणार आणि एक दिवस चिकटून बसणार. म्हणून कॉइल कमी वॅटची बसवून घ्या. मूळच्या सहा भागांतले पाच भाग पुरेत.

शिवाय तिथल्या वायरिंगमध्ये २३० व्होल्टचा एक लाइव्ह आणि एक न्यूट्रल असतो, मध्यावर न्यूट्रल असलेल्या १२०च्या दोन लाइव्ह वायर नसतात. म्हणजे मोटर-टायमर-दिव्याचं सर्किट कॉइलपासून वेगळं करून स्वतंत्र ट्रान्सफॉर्मरवर घ्यावं लागेल, आणि न्यूट्रल-पत्रा पट्टी काढून स्वतंत्र अर्थिंग. आतल्या वायरींचा नकाशा वाचता येणारा माणूस तिथे आधी शोधा, मग ड्रायर पाठवा.

पाठवताना ड्रम आतून घड्या घातलेल्या गोधड्यांनी घट्ट भरा, म्हणजे प्रवासात आपटून मागची बेअरिंग जायची नाही. आणि त्या गोधड्यांत एक बेल्ट, रोलरचा संच, नमद्याची पट्टी आणि दोन कॉइली गुंडाळून टाका. बेल्टच्या पाकिटावर त्याची लांबी आणि त्यावरच्या उभ्या खाचांची संख्या पेननं लिहून ठेवा, पार्ट नंबर तिथे कुणी ओळखणार नाही.